मायक्रोबीम की मिनीबीम? आधी दरी मोजता येते का ते बघा

उंदीर-घुशींवरच्या प्रयोगात किरणांचा डोस सलग न देता पट्ट्यापट्ट्यांनी द्यायचा, एवढं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न पट्टीच्या रुंदीचा. पन्नास मायक्रॉन, म्हणजे मायक्रोबीम, की अर्धा मिलिमीटर, म्हणजे मिनीबीम? कागदावर हा दहापटीचा फरक दिसतो, पण त्याने यंत्र, वेळ, भूल, फिल्म, कॉलिमेटर (झोताचे पट्टे पाडणारा फटींचा ठोकळा) आणि शेवटी निष्कर्ष काढण्याची पद्धत, सगळंच बदलतं. दोन्ही बाजूंनी गंभीर काम झालेलं आहे, त्यामुळे यातला कुठलाच पर्याय चुकीचा म्हणता येणार नाही. ज्यांना येत्या वर्षभरात स्वतःच्या प्रयोगशाळेत काम सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. पट्टीतला उंच डोस म्हणजे पीक, दोन पट्ट्यांमधला कमी डोस म्हणजे व्हॅली, आणि पीक भागिले व्हॅली म्हणजे त्यांचं गुणोत्तर. व्हॅलीला इथे दरी म्हणतो, कारण चित्र तेच आहे.

मायक्रोबीमची बाजू आधी, कारण ही कल्पना तिथूनच जोमाने पुढे आली. पट्ट्यांचा विचार तसा फार जुना. जर्मनीत आल्बान क्योलर यांनी १९०९ मध्ये त्वचेवर लोखंडी तारांची जाळी ठेवून क्ष-किरण दिले होते. पण ऊती किती सोसू शकते याचा अंदाज आला तो अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, १९६० च्या आसपास. तिथले संशोधक कर्करोगाच्या मागे नव्हते. अंतराळातले जड वैश्विक कण मेंदूवर काय परिणाम करतील हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी २२ एमईव्ही ऊर्जेच्या ड्यूटेरॉनचा (जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा) झोत उंदराच्या मेंदूवर टाकला. १ मिलिमीटर रुंद झोताने १४० ग्रेला (ग्रे हे शोषलेल्या डोसचं एकक) ऊती नष्ट केली, तिथे पोकळी झाली. २५ मायक्रॉनच्या झोताने ४,००० ग्रे दिले तेव्हा वाटेतल्या पेशी गेल्या, पण ऊतीची रचना आणि रक्तवाहिन्या टिकल्या. डोस जवळजवळ तीसपट, तरी नुकसान कमी.

१९९२ मध्ये स्लॅटकिन आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी उपचारासाठी वापरण्याची मांडणी केली. नंतर ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या युरोपीय सिंक्रोट्रॉनची आयडी-१७ बीमलाइन (प्रयोगासाठी काढलेली झोताची वाट) आणि मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन सिंक्रोट्रॉनची इमेजिंग अँड मेडिकल बीमलाइन ही या कामाची दोन मोठी घरं झाली. तिथली ठरलेली भूमिती साधारण अशी: पट्टी २५ ते ५० मायक्रॉन, मध्यापासून मध्यापर्यंत २०० ते ४०० मायक्रॉन, पीक डोस शेकडो ग्रे, सरासरी ऊर्जा १०० केईव्हीच्या आसपास.

निरोगी ऊती का वाचते याचं सर्वांत सोपं स्पष्टीकरण अंतराचं आहे. ५० मायक्रॉनच्या पट्टीत मेलेल्या पेशींपासून जिवंत शेजारी २५ मायक्रॉनवर, म्हणजे दोन-तीन पेशींच्या अंतरावर असतात. केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी एवढं अंतर सहज ओलांडून भगदाड बुजवतात. गाठीतल्या अर्ध्याकच्च्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांना ही डागडुजी तितकी जमत नाही. गाठ नेमकी का मागे हटते यावर अजून एकमत नाही. रक्तवाहिन्या, शेजारपेशींना मिळणारे संकेत, प्रतिकारशक्ती, सगळ्यांची नावं घेतली जातात. पण निरोगी बाजूचा हिशेब पट्टी जितकी अरुंद तितका चांगला, हे मान्य करावंच लागतं. केवळ ऊती वाचवण्याची परमावधी हवी असेल तर मायक्रोबीमला तोड नाही.

मग अर्धा मिलिमीटर कशाला?

कारण तिथेही वाचवण्याचा बराचसा गुण टिकतो. २००६ मध्ये डिल्मानियन आणि सहकाऱ्यांनी घुशीच्या मज्जारज्जूवर ०.६८ मिलिमीटरच्या चार पट्ट्या, ४ मिलिमीटर अंतराने, ४०० ग्रे देऊन दाखवल्या. सात महिन्यांपर्यंत पक्षाघात दिसला नाही. प्रेझादो यांच्या गटाने २०१५ मध्ये घुशीच्या मेंदूवर मिनीबीमने एकाच वेळी १०० ग्रेपर्यंत पीक डोस दिला आणि तो सहन झाला. प्रोटॉनमध्येही तसंच. म्युनिकच्या गटाने उंदराच्या कानावर १८० मायक्रॉनचे चौकोनी झोत १.८ मिलिमीटर अंतराने दिले, सरासरी डोस ६० ग्रे. तेवढाच डोस सलग दिला तेव्हा कान चौपटीपर्यंत सुजला, लाल झाला, केस गळले. मिनीबीमच्या कानाला यातलं काही झालं नाही. तिथे एकेका झोतातला पीक डोस ६,००० ग्रे होता हे लक्षात घ्या.

म्हणजे पीक किती उंच यावरून निरोगी ऊतीचं भविष्य ठरत नाही. ते ठरतं दरीतल्या डोसवर. हे सगळे जण मान्य करतात, पण प्रयोग आखताना विसरतात. पेपरच्या सारांशात पीक डोस ठळक असतो, दरीचा आकडा पद्धतींच्या भागात कुठेतरी. साधा हिशेब करून बघा. पीक ४०० ग्रे, गुणोत्तर ४०, म्हणजे दरी १० ग्रे. पीक वीस टक्क्यांनी चुकला तर ३२० काय नि ४८० काय, त्या पट्टीतल्या पेशी दोन्हीकडे मरणारच. दरी वीस टक्क्यांनी चुकली तर ८ की १२ ग्रे हा प्रश्न उभा राहतो. एकाच वेळी दिलेले ८ आणि १२ ग्रे यांत आतड्यासाठी, त्वचेसाठी, लहान पिल्लाच्या मेंदूसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारच्या पेशींनी येऊन डागडुजी करायची, तर त्या शेजाऱ्यांनी स्वतः जगायला हवं, आणि ते राहतात दरीत.

तराजू झुकतो तो इथेच. मायक्रोबीमची दरी तुमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, तुमच्या हातातल्या साधनांनी नीट मोजता येत नाही.

फिल्मचंच घ्या. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक विभागात ईबीटी-३ फिल्म (डोस मिळाला की काळी पडणारी) आणि सपाट स्कॅनर असतो. ६०० डीपीआयला एक पिक्सेल ४२ मायक्रॉनचा. ५० मायक्रॉनच्या पीकला जेमतेम एक पिक्सेल मिळतो, आणि तोही बहुधा दोन पिक्सेलांत वाटला जातो. १२०० डीपीआयला २१ मायक्रॉन, तरी पीकला दोन-अडीच पिक्सेल. शिवाय स्कॅनरचा प्रकाश फिल्ममध्ये आणि काचेत थोडा पसरतो, आणि काळ्या पीकच्या शेजारी दरी असेल तर दोन्हींची सरमिसळ होते. त्यात ईबीटी-३ चा उपयोगी टप्पा साधारण १० ग्रेपर्यंत, ओढूनताणून २० पर्यंत, आणि मायक्रोबीमचा पीक शेकडोंत. म्हणून दोन जातींच्या फिल्म लागतात: पीकसाठी १० ते १,००० ग्रेची एचडी-व्ही२, दरीसाठी ईबीटी-३. दुसरीत पीक पार काळे ठिक्कर होतात आणि त्या दोन काळ्या रेघांमधली वाचनीय जागा शोधावी लागते. ती स्कॅनरवर दिसत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याच्या दिव्याची स्थिरता, कॅमेऱ्याची रेषीयता यांचं वेगळं कॅलिब्रेशन आलं.

सिंक्रोट्रॉनवर यासाठी चांगली साधनं आहेत. मायक्रोडायमंडचा संवेदनशील थर फक्त १ मायक्रॉन जाड असतो, तो कडेने झोतात धरून एकेक पट्टी मोजतात. वोलोंगाँगच्या गटाने सिलिकॉनच्या पट्टीचा डिटेक्टर याच कामासाठी बनवला. पण ती साधनं तिथली, जुळवणी तिथल्या माणसांची. दोन-तीन दिवसांच्या बीमटाइममध्ये (झोत वापरायला मिळालेल्या वेळात) तुम्ही उंदीर सांभाळाल, भूल द्याल की डिटेक्टरचा कोन अंशाच्या शंभराव्या भागाने जुळवत बसाल? बहुतेक वेळा दरीचा आकडा तिथल्या गणनेतून मिळतो आणि आपण तो जसाच्या तसा घेतो. मोन्टे कार्लो या संगणकी गणनेतली दरी आणि फिल्मवरची दरी जुळत नाही ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे. कॉलिमेटरच्या फटीची रुंदी दोन मायक्रॉनने इकडेतिकडे असली, कडेवरून थोडं विखुरलं, झोताचं ध्रुवण गणनेत नीट घेतलं नाही, की दरी हलते. तिथल्या माणसांना हे सगळं ठाऊक असतं. आपल्याला मात्र तो आकडा पुन्हा तपासण्याची सोय नसते, आणि आपलं सगळं अनुमान त्याच एका आकड्यावर उभं असतं. मला ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीला ६०० डीपीआयवर बारा पिक्सेल मिळतात, तेवढ्याच रुंद दरीलाही बारा. मधले पाच-सहा पिक्सेल घ्या, कडा सोडून द्या, काम झालं. रीत अशी:

घन पाण्याच्या फँटममध्ये, म्हणजे प्राण्याच्या जागी ठेवायच्या पाण्यासारख्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात, पृष्ठभागावर, १ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर खोलीवर फिल्म ठेवा. एकच एक्सपोजर देऊन पीक आणि दरी दोन्ही वाचण्याचा मोह टाळा. पहिलं एक्सपोजर असं की पीक ५ ते ८ ग्रेच्या दरम्यान येईल. दुसरं त्याच जागी, काहीही न हलवता, आठ-दहापट वेळ, म्हणजे दरी वाचण्याजोग्या टप्प्यात येईल आणि पीक खुशाल जळून जाईल. मग वेळेच्या प्रमाणात दोन्ही एका मापावर आणा. छोट्या एक्सपोजरमध्ये क्ष-किरणांची ट्यूब चढायला लागणारा वेळ चूक घालतो, तेव्हा टायमरची सुरुवातीची तूट आधी मोजून वजा करा. फिल्म २४ तासांनी स्कॅन करा, काचेच्या मध्यभागी, कॅलिब्रेशनच्या तुकड्यांच्याच दिशेने ठेवून. कॅलिब्रेशन त्याच बॅचवर आणि त्याच केव्हीला. रुग्णालयातल्या लिनॅकचा (उपचाराच्या रेषीय प्रवेगकाचा) ६ एमव्हीचा वक्र इथे चालत नाही. हे दर महिन्याला स्वतः करता येतं, आणि दरी वर सरकली तर कारणही सापडतं.

कारणं बहुधा कॉलिमेटरमध्ये असतात, म्हणून त्याकडे वळू. २२० केव्हीच्या आसपास चालणाऱ्या छोट्या प्राण्यांच्या यंत्रावर मिनीबीम करता येतो हे २०१७ मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवलं आहे. लागतो तो एक फटींचा ठोकळा. पितळ स्वस्त आणि कापायला सोपं, पण १ सेंटिमीटर पितळातून १०० केईव्हीचे दोन टक्के आणि २०० केईव्हीचे तब्बल पाव भाग फोटॉन पार होतात. गुणोत्तर १० हवं असेल तर दरीला पीकच्या दहा टक्के एवढीच जागा आहे, त्यात ही गळती मिसळली की खेळ संपला. पितळच वापरायचं तर जाडी ५ सेंटिमीटरच्या घरात न्या. टंगस्टनचं ५ मिलिमीटर २०० केईव्हीलाही अर्धा दशांश टक्का, म्हणजे ०.०५ टक्के एवढंच सोडतं. शुद्ध टंगस्टन ठिसूळ असतं, कडा उडतात. त्याची जड मिश्रधातू बरी.

कापायला वायर कट, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या सोडून धातू कापणं. पुण्यात भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींत हे काम करून देणारे आहेत. नेहमीची तार ०.२५ मिलिमीटरची असते, ठिणगीचं अंतर धरून फट ०.३ च्या खाली जात नाही. अर्ध्या मिलिमीटरला ते पुरेसं आहे. ५० मायक्रॉनची फट अशी मिळणार नाही, त्यासाठीचे टंगस्टन कार्बाइडचे कॉलिमेटर खास बनवून घ्यावे लागतात.

फटी समांतर कापू नका. नवख्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. सिंक्रोट्रॉनचा झोत जवळजवळ समांतर, पण ट्यूबचा झोत एका ठिपक्यातून पसरतो. स्रोतापासून ३० सेंटिमीटरवर १० मिलिमीटर जाड ठोकळा ठेवला, तर मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूच्या फटीत किरण ०.१७ मिलिमीटर तिरके जातात, १० मिलिमीटर बाजूला ०.३३. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून कडेला ०.१७ मिलिमीटरच सरळ पार होतं. मधला पीक ५० ग्रे आणि कडेचा खूपच कमी, आणि सरासरी काढून तुम्ही समाधानी! प्रत्येक फट स्रोताकडे रोखलेली हवी. ठोकळ्याऐवजी टंगस्टनच्या पत्र्यांची चळत रचत असाल तर हिशेब आणखी सोपा: वरच्या कडेला फटीचं अंतर १.००० मिलिमीटर असेल तर १० मिलिमीटर खाली ते १.०३३ हवं, म्हणजे खालच्या बाजूची शिम (पत्र्यांमध्ये घालायचा पातळ तुकडा) ३३ मायक्रॉनने जाड. शिम पत्र्यांच्या दोन टोकांनाच लावा, फटीत हवाच राहू द्या. प्लास्टिक भरलं की तेही विखुरतं. जुळवणी झाली की एका फिल्मवर सगळे पीक एका रेषेत बघा. मधल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त खाली असलेला पीक म्हणजे वाकलेला पत्रा किंवा अडकलेला कण.

दुसरी जागा कॉलिमेटर आणि त्वचा यांच्यामधली. ट्यूबचा मोठा फोकल स्पॉट (क्ष-किरण निघतात तो ठिपका) ३ मिलिमीटर धरला, कॉलिमेटर ३० सेंटिमीटरवर आणि त्वचा त्याच्याखाली २० मिलिमीटर, तर कडेचा धूसरपणा ०.२ मिलिमीटर. अंतर ५ मिलिमीटरवर आणलं की ०.०५. त्यात ऊतीची खोली मिळवा, १० मिलिमीटर आत तो पुन्हा ०.१५ होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीला हे चालून जातं. ५० मायक्रॉनच्या पट्टीची रुंदीच तेवढी, ती त्वचेखालीच विरघळते. छोटा फोकस वापरला तर धार सुधारते, पण करंट घटतो आणि डोस रेट कोसळतो. म्हणून ट्यूबवर मायक्रोबीम हा सोपा पर्याय नाही. चॅपेल हिलच्या गटाने कार्बन नॅनोट्यूबची ट्यूब आणि म्युनिकच्या गटाने रेषाकृती फोकसची ट्यूब यासाठी विकसित करायला घेतली. दोन्ही कामं आदराने बघण्यासारखी आहेत, पण बाजारातून उचलून आणण्याजोगी नाहीत.

सिंक्रोट्रॉन आपल्याकडे आहे की, असं कोणी म्हणेल. इंदूरच्या इंडस-२ वर इमेजिंगची बीमलाइन आहे. तिची ऊर्जा साधारण ३५ केईव्हीपर्यंत जाते आणि ती उपचारासाठी बांधलेलीही नाही. मायक्रोबीमला १०० केईव्हीचा, सेकंदाला हजारो ग्रे देणारा झोत हवा. म्हणजे परदेशात अर्ज, वर्षातून फार तर दोनदा संधी, प्राणी तिथेच घ्यायचे, आणि सहा महिने जगवून बघायचे तर तेही तिथेच. निरोगी ऊतीचे उशिरा दिसणारे परिणाम हाच तुमचा विषय असेल तर ही शेवटची अट जड जाते.

हजारो ग्रे प्रति सेकंद का लागतात? हालचालीमुळे. मेंदू हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतो. ५० मायक्रॉनच्या पट्ट्या काही दशक मायक्रॉनांनी सरकल्या की पीकचा डोस दरीत सांडतो. म्हणून सगळा डोस ठोक्याच्या आतच द्यावा लागतो. मिनीबीमच्या ट्यूबवर फटीत मिनिटाला दोन-अडीच ग्रे मिळतात. ५० ग्रेच्या पीकला वीस मिनिटं. तेवढ्यात उंदराचं हृदय दहा हजारांच्या घरात ठोके देतं. ०.५ मिलिमीटरच्या पट्टीला मेंदूतली ही थरथर फारशी बाधत नाही, पण श्वास बाधतो. छाती-पोटावर काम असेल तर फटींची दिशा हालचालीच्या दिशेला समांतर ठेवा. पट्टी आपल्याच लांबीवर पुढेमागे सरकली तर दरी कोरडी राहते. आडवी सरकली तर भरते. एवढ्या एका गोष्टीने बरेच प्रयोग वाचतील. वीस मिनिटांच्या भुलीत उंदीर गार पडतो, खाली ऊबदार पाट हवा, पण गरम तारा झोताच्या वाटेत नकोत.

मंद डोस रेटचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. २०१४ पासून फ्लॅशची चर्चा सुरू झाली: सेकंदाला ४० ग्रेपेक्षा वेगाने दिलेला डोस निरोगी ऊतीला कमी लागतो. सिंक्रोट्रॉनचा मायक्रोबीम या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. तिथे ऊती वाचली तर ती पट्ट्यांमुळे की वेगामुळे, हे वेगळं काढणं अवघड. मिनिटाला दोन ग्रे देणाऱ्या ट्यूबवर हा प्रश्नच येत नाही. जो फरक दिसेल तो आकृतीचा. डोसची आकृती निरोगी ऊतीला काय करते हाच मूळ प्रश्न असेल, तर उत्तर इथे जास्त स्वच्छ मिळतं असं मला वाटतं.

मिनीबीमचे दोष लपवण्यात अर्थ नाही. २५० मायक्रॉन चालून येणं पेशीला २५ मायक्रॉनपेक्षा कठीण, म्हणून सहनशक्तीची कमाल मर्यादा खाली. पट्टीच्या जागी त्वचेवर केस गळतात, काळ्या उंदरात पुढे पांढऱ्या रेघाही दिसू शकतात. आकृती नीट पडली याची ती फुकटची खूण आहे, पण निरोगी ऊतीला काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही. ट्यूबच्या मऊ झोतात पीक खोलीबरोबर लवकर उतरतो, दरी मात्र विखुरलेल्या किरणांनी भरत जाते, त्यामुळे गुणोत्तर १ सेंटिमीटरला वेगळं, २ ला वेगळं. क्षेत्र मोठं केलं की दरी आणखी चढते. १ सेंटिमीटरच्या चौकोनात मोजलेलं गुणोत्तर २ सेंटिमीटरच्या चौकोनाला लावू नका. प्रत्येक क्षेत्र आणि प्रत्येक खोली वेगळी मोजा. डोस चार-पाच भागांत वाटायचा असेल तर दररोज पट्ट्या त्याच जागी पाडणं कष्टाचं आहे. सुरुवात एकाच भागाने करावी हे उत्तम.

तुलनेचे गट आखताना मात्र मिनीबीम आणि मायक्रोबीम दोघांचेही लोक एकच चूक करतात. समजा पट्टी ०.५, अंतर १ मिलिमीटर, पीक ५० आणि दरी ५ ग्रे. सरासरी झाली २७.५ ग्रे. सलग २७.५ ग्रेचा एकच गट ठेवला तर मिनीबीम जिंकणारच, आणि त्यातून काही कळणार नाही. सलग ५ ग्रेचाही गट हवा. मिनीबीमचा प्राणी ५ ग्रेच्या गटासारखा वागला तर निरोगी ऊतीने पीककडे दुर्लक्ष केलं असं म्हणता येईल. दोघांच्या मध्ये कुठेतरी पडला तर पीकची किंमत किती ते कळेल. आणि हा ५ चा आकडा खरोखर ५ आहे हे सांगायला पुन्हा तीच फिल्म.

आकृती ऊतीत पोचली का, याची खात्री दोन प्रकारे करा. प्रत्येक प्राण्याच्या खाली, झोत बाहेर पडतो तिथे, फिल्मचा तुकडा चिकटवा. पट्ट्या धूसर दिसल्या तर तो प्राणी बाजूला ठेवा, आकडेवारीत ओढू नका. आणि एक-दोन प्राणी अर्ध्या ते एक तासात घेऊन गॅमा-एच२एएक्स (डीएनए तुटल्याची खूण) रंगवा. काप फटींना काटकोनात घ्यायचा. समांतर घेतला तर सगळं क्षेत्र एकतर उजळलेलं किंवा एकतर काळोखं दिसतं, आणि माणूस उगाच घाबरतो.

रुग्णालयाच्या बाजूने विचार करणाऱ्यांना ग्रिड आणि लॅटिस या सेंटिमीटरच्या मापाच्या पद्धती जवळच्या वाटतील. ग्रिडमधली छिद्रं सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, लॅटिसमध्ये गाठीच्या आत तशाच आकाराचे उंच डोसचे गोळे, २०१० पासून. मोठ्या गाठींसाठी साध्या लिनॅकवर ते होतं. पण उंदराची रुंदीच अडीच सेंटिमीटरची, त्यावर हे बसत नाही, आणि सेंटिमीटरच्या पीकमध्ये शेजारपेशींची डागडुजी ही गोष्टच वेगळी होते. उलट मिनीबीम माणसापर्यंत पोचला आहे: मेयो क्लिनिकने १८० केव्हीच्या ऑर्थोव्होल्टेज (लिनॅकपेक्षा कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या) यंत्रावर, अर्ध्या मिलिमीटरच्या फटींच्या टंगस्टन कॉलिमेटरने पहिल्या दोन रुग्णांवर केलेले उपचार प्रसिद्ध केले आहेत. त्या यंत्राची जात आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची जात फार लांबची नाही.

मग मायक्रोबीम कधी घ्यावा? रक्तवाहिनीच्या पातळीवरची दुरुस्ती, एकेका केशवाहिनीत काय घडतं, हा तुमचा प्रश्न असेल तर घ्यावाच. ग्रेनोबल किंवा मेलबर्नमध्ये आधीच सहकारी असतील, प्राणी तिथे महिनोन्‌महिने ठेवण्याची सोय असेल, आणि त्यांच्यातलं कोणी दरीचं मोजमाप तुमच्यासोबत बसून करून द्यायला तयार असेल, तर बिनदिक्कत जा. अर्ज करताना मात्र बीमटाइमच्या पहिल्या दिवशी एकही प्राणी ठेवू नका. तो दिवस फक्त दरी मोजायला मागून घ्या.

बाकीच्यांनी ०.५ मिलिमीटरची फट आणि १ मिलिमीटर अंतर यापासून सुरुवात करावी असं सुचवेन. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचा अर्ज आणि कॉलिमेटरचं काम एकाच आठवड्यात सुरू करा, कारण दोन्हींना साधारण सारखाच वेळ लागतो. पहिला ठोकळा हाती आला की आधी त्याच्या फिल्म काढा, तीन वेगवेगळ्या खोलीवर, दोन क्षेत्रांसाठी. दरी पीकच्या पंधरा टक्क्यांवर गेली तर अंतर १.५ मिलिमीटर करून दुसरा ठोकळा कापून घ्या आणि पहिल्याच्या फिल्म तारीख घालून जपून ठेवा. पुढे काही बिनसलं तर तुलनेला त्याच लागतील.